लाइनखालची थोडीशी वीज: पार्श्वभूमी

उच्चदाब लाइनमधून थोडी वीज काढून घेण्याची गोष्ट निघाली की बडोद्यात पहिला शब्द येतो ‘इंडक्शन’, म्हणजे तारेला न जोडता वीज उतरणे. या एका शब्दाने फार गोंधळ घातला आहे. 400 केव्हीच्या लाइनखाली हातात धरलेली ट्यूबलाइट मिणमिणते ती विद्युतक्षेत्रामुळे. तारेत प्रवाह नसला, नुसता दाब असला तरी ती पेटते. क्लॅम्पसारखा लोखंडी गाभा (कोअर) तारेभोवती बसवून मिळणारी वीज मात्र प्रवाहाच्या चुंबकीय क्षेत्रातून येते. तिथे दाब कितीही असो, प्रवाह नाही तर काही नाही. पहिल्या मार्गाने हाती लागते फारच थोडे: मीटरला 5 केव्ही क्षेत्रात जमिनीवर अंथरलेल्या एक चौरस मीटर पत्र्याला 50 हर्ट्झवर जेमतेम 14 मायक्रोअँपिअर. शटडाउनवर काम करणारा लाइनमन दोन्हींना इंडक्शनच म्हणतो, आणि त्याचे बरोबर आहे. दुहेरी सर्किटच्या टॉवरवर शेजारचे सर्किट चालू असेल तर बंद सर्किटला दोन्ही भोवतात. अर्थिंग लावल्याशिवाय हात लावायचा नाही.

घानातला प्रयोगही लोक इंडक्शनच्याच खात्यात टाकतात. 1980च्या दशकात तिथे 161 केव्हीच्या मनोऱ्यांवरच्या अर्थ वायर (आकाशातली वीज झेलण्यासाठी माथ्यावरून जाणाऱ्या तारा) इन्सुलेटरवर घेऊन सबस्टेशनातून मध्यम दाबाने चार्ज केल्या आणि वाटेतल्या वस्त्यांना वीज दिली. ती सरळ तारेतून दिलेली वीज होती, फक्त मनोरे आयते मिळाले.

आपल्याकडे हे का झाले नाही, याचे मूळ मला 2003च्या वीज कायद्यात दिसते. पारेषण करणाऱ्याने विजेचा व्यापार करायचा नाही, असे त्यात स्पष्ट आहे. 2005 मध्ये रेसकोर्सवरच्या मंडळाचे, म्हणजे गुजरात वीज मंडळाचे, तुकडे होऊन सात कंपन्या झाल्या. पारेषण एकीकडे, वितरण दुसरीकडे. आता मनोऱ्यावरून वस्तीला चार दिवे द्यायचे, तर ते कोणी विकायचे? कायद्याचा हेतू चांगला होता, पण ज्यांच्या शेतात मनोरा उभा राहिला त्यांचा विचार त्या वाटणीत झाला नाही, हे माझे ठाम मत आहे. कोणी आपण होऊन काढून घ्यावी, तर कलम 135 आहे: ओव्हरहेड लाइनला अप्रामाणिकपणे जोडणी केली की चोरी, तीन वर्षांपर्यंत कैद.

त्याच सुमारास गुजरातेत ज्योतिग्राम योजनेने शेती आणि गावाचे फीडर (सबस्टेशनातून वीज नेणाऱ्या लाइन) वेगळे केले, गावांना चोवीस तास वीज मिळू लागली आणि मागणीच सरली. पुढे अर्थ वायरमध्ये ऑप्टिकल फायबर आले, ती इन्सुलेटरवर चढवणे आणखी अवघड झाले.

सध्या लाइनवरची वीज खातात ते तारेचे तापमान आणि झोळ मोजणारे संवेदक. भार उतरला की कोअरमध्ये पुरेशी वीज बनत नाही, फॉल्ट आला की हजारो अँपिअरने तो संपृक्त होतो, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही. म्हणून आत बॅटरी किंवा मोठा कपॅसिटर ठेवतातच.