झायलोज शोषण चाचणी

लघ्वांत्राची, म्हणजे लहान आतड्याची, शोषणशक्ती अजमावण्याची चाचणी. खाल्लेले अंगी लागत नसेल, तर दोष आतड्याच्या अस्तरात आहे की पाचकरसांत, हे ठरवायला ती उपयोगी पडते.

झायलोज ही पाच कार्बन अणूंची शर्करा. तिच्या शोषणाला पित्त किंवा स्वादुपिंडरस लागत नाही. त्यामुळे स्वादुपिंडाच्या विकारात चाचणी बहुधा प्राकृत, म्हणजे निरोगी माणसासारखी, येते. सीलिअ‍ॅक रोग (गव्हातील ग्लुटेनमुळे अस्तराला होणारी इजा) किंवा उष्णकटिबंधीय स्प्रू (उष्ण प्रदेशांतील अपशोषणाचा विकार) यांत अस्तर झिजल्याने शोषणाचा आकडा खाली येतो. ही शर्करा अस्तर कशी ओलांडते, याबद्दल मतभेद आहेत. ती केवळ विसरणाने, म्हणजे दाट द्रावणाकडून विरळ द्रावणाकडे आपोआप पसरत, जाते, असे प्रारंभी मानत. पुढे प्राण्यांवरील प्रयोगांत ग्लुकोजमुळे तिचे शोषण घटल्याचे दिसले आणि ग्लुकोजला पेशीत नेणाऱ्या वाहक प्रथिनाचा तिला काही आधार असावा, असे मत पुढे आले. चाचणीत दिल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रेपुरते तरी विसरणाचे मत अधिक पटण्याजोगे आहे. चाचणीचा आरंभ साधारणतः १९३७ मध्ये हेल्मर व फाउट्स यांनी घातक पांडुरोगात (ब-१२ जीवनसत्त्व न शोषले गेल्याने होणारा रक्तक्षय) केलेल्या अभ्यासापासून धरतात.

प्रौढाला उपाशीपोटी २५ ग्रॅम झायलोज पाण्यातून देतात आणि पाच तासांची सर्व लघवी जमवतात. तीत सुमारे ४ ग्रॅमपेक्षा अधिक झायलोज उतरली, तर शोषण प्राकृत समजतात. रक्ताचा नमुनाही घेतात.

लघवीच्या आकड्यावर एकट्याने विसंबणे धोक्याचे आहे. मूत्रपिंड मंद असेल, जठर उशिरा रिकामे होत असेल किंवा एखादी लघवी जमवायची राहिली, तर निरोगी आतडेही रोगट भासते. नागपूरकडे हे विशेष जपावे लागते. विदर्भात सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक विकार पुष्कळ आढळतो आणि त्यात मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, म्हणून अशा रुग्णात रक्तातील पातळी पाहणे श्रेयस्कर. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा पाणी पुरेसे पाजले नाही, तर लघवीच कमी होते. फळे व मुरंबे यांतही अशा शर्करा असतात, म्हणून आदल्या दिवशी ते वर्ज्य असतात. संत्र्यांच्या हंगामात हे पथ्य रुग्णाला मुद्दाम सांगावे. तमिळनाडूतील वेल्लोर येथील अभ्यासांत निरोगी भारतीयांतही पाश्चात्त्य प्रमाणापेक्षा कमी शोषण आढळले आहे. तेव्हा किंचित कमी आलेल्या आकड्यावरून रोगाचा शिक्का मारू नये.

प्रतिपिंड चाचण्या व दुर्बिणीतून घेतलेला अस्तराचा तुकडा यांमुळे ही चाचणी आता क्वचितच करतात.