२०० मिलिग्रॅम, ७२ तास

हिंदमाताला गुडघाभर पाणी साचलं की मुंबई महापालिकेचं आवाहन ठरलेलं असतं. या पाण्यातून चालला असाल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस या साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाचं) प्रतिबंधक औषध घ्या. ते औषध म्हणजे डॉक्सिसायक्लिन. पायाला जखम नसलेल्या प्रौढाला २०० मिलिग्रॅम, एकदाच. पाण्यात का उतरलात, असं तिथं कोणी विचारत नाही.

हेच औषध, एवढाच डोस आणि तेवढेच तास सध्या जगभरच्या गुप्तरोगतज्ज्ञांमध्ये वादाचा विषय झाले आहेत. कंडोमशिवाय संबंध आल्यावर ७२ तासांत डॉक्सिसायक्लिन घ्यायचं, म्हणजे गरमी (उपदंश, सिफिलिस), क्लॅमिडिया आणि काही अंशी परमा (गनोरिया) हे संबंधातून पसरणारे रोग टळतात. या पद्धतीचं नाव ‘डॉक्सी-पेप’. नाव नवं आहे, वाद मात्र जुना आहे.

१९०६ मध्ये पॅरिसमध्ये मेचनिकॉफ आणि रू या शास्त्रज्ञांनी उपदंश टाळण्यासाठी कॅलोमेल या पाऱ्याच्या संयुगाचं मलम वापरून पाहिलं. मेझोनव्ह नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यानं स्वतःच्या अंगावर उपदंशाचे जंतू टोचून घेतले आणि तासाभरानं त्यावर ते मलम चोळून घेतलं. त्याला रोग झाला नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करानं हेच मलम लावण्यासाठी केंद्रं उघडली. संबंधानंतर काही तासांत तिथं हजेरी न लावता आजारी पडणाऱ्या सैनिकाचा पगार कापला जाई, कधी लष्करी खटलाही चाले. त्या वेळी विरोध झाला तो नीतीच्या नावानं: रोगाची भीती काढून घेतली तर माणसं मोकाट सुटतील. आजही हा सूर अधूनमधून ऐकू येतो, फक्त भाषा सभ्य झाली आहे.

मग पेनिसिलिन आलं. १९४० च्या दशकाअखेर अमेरिकी नौदलात रजेवरून परतणाऱ्या खलाशांना त्याच्या गोळ्या देऊन पाहिल्या आणि परमा कमी झाला. पण याच काळातला एक प्रकार प्रतिबंधाच्या इतिहासावरचा डाग आहे. १९४६ ते १९४८ दरम्यान ग्वाटेमालात अमेरिकी सरकारी डॉक्टरांनी कैदी, सैनिक, मनोरुग्ण आणि वेश्याव्यवसायातल्या बाया अशा १३०० हून अधिक लोकांना परवानगी न घेता या रोगांच्या जंतूंच्या संपर्कात आणलं. संसर्गानंतर रोग टाळता येतो का, हे पाहणं हा त्यामागचा एक हेतू होता. अमेरिकेनं माफी मागितली ती २०१० मध्ये.

आजच्या वादाचं मूळ १९७९ च्या एका अभ्यासात सापडतं. अतिपूर्वेच्या एका बंदरात उतरून आलेल्या १०८० नौसैनिकांपैकी काहींना २०० मिलिग्रॅम मिनोसायक्लिन दिलं, काहींना औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळ्या. मिनोसायक्लिन हे डॉक्सिसायक्लिनचं सख्खं भावंड. दिखाऊ गोळ्या घेतलेल्या ५६५ जणांपैकी ५७ जणांना परमा झाला, औषध घेतलेल्या ५१५ पैकी २४ जणांना. मेख पुढं आहे. औषधाला दबणारे जंतू पूर्ण अडले, न दबणारे बिनबोभाट आत शिरले. म्हणजे औषधानं चाळणी लावली आणि चिवट तेवढे शिल्लक ठेवले. सार्वजनिक उपाय म्हणून याचा फारसा उपयोग होणार नाही, असं संशोधकांनीच लिहिलं आणि विषय अनेक वर्षं थंड पडला.

तो पुन्हा तापला एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्यांमुळे. फ्रान्समध्ये त्या गोळ्या घेणाऱ्या २३२ समलैंगिक पुरुषांवर झालेल्या अभ्यासात डॉक्सिसायक्लिनमुळे क्लॅमिडिया आणि उपदंश सुमारे ७० टक्क्यांनी घटले, परम्यावर परिणाम दिसला नाही. २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटलमधल्या ५०१ जणांच्या अभ्यासात तिन्ही रोग मिळून जवळपास दोनतृतीयांश घट दिसली. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्या मोजक्यांसाठी: गेल्या वर्षभरात असा जिवाणूजन्य रोग होऊन गेलेले समलैंगिक पुरुष आणि ट्रान्सजेंडर स्त्रिया. केनियात ४४९ तरुणींवर झालेल्या अभ्यासात फायदा दिसला नव्हता. त्यांच्या केसांचे नमुने तपासले तेव्हा जेमतेम २९ टक्क्यांत औषधाचा अंश सापडला. गोळी हातात होती, पोटात गेली नव्हती. त्यामुळे ‘बायकांना चालत नाही’ हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो.

डॉक्टरांचे दोन तट पडले आहेत ते इथंच. क्लिनिकमध्ये बसणारा समोरच्या माणसाचं पाहतो. वर्षात तीनदा उपदंशाचं इंजेक्शन घेऊन गेलेल्याला गोळी नाकारायची कशी? सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जंतूकडे पाहतो. परम्याच्या जंतूनं सल्फा, पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन (डॉक्सिसायक्लिन याच कुळातलं), सिप्रोफ्लॉक्सासिन एकेक करून पचवली आहेत. उपदंशाचा जंतू मात्र आजही पेनिसिलिनला शरण जातो. दोन्ही बाजू खऱ्या आहेत आणि त्या एकाच रोगाबद्दल बोलत नाहीत, हे भांडणात विसरलं जातं.

आपल्याकडे हा प्रयोग वेगळ्या नावानं होऊन गेला आहे. एड्स नियंत्रण कार्यक्रमात वेश्यावस्त्यांमधल्या स्त्रियांना लक्षणं नसतानाही औषधांचं करड्या रंगाचं पाकीट दिलं जाई (लक्षणांनुसार पाकिटांचे रंग ठरलेले असतात). त्यात ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम असे. हा उपाय तात्पुरता, रोगाचं प्रमाण उतरलं की थांबवायचा, असं ठरलेलं होतं. डॉक्सी-पेपला अशी शेवटची तारीख कोणी लावलेली नाही. सीडीसीची अट आहे ती दर ३ ते ६ महिन्यांनी तपासणीची. आपल्या सरकारी दवाखान्यांत मात्र तपासणीआधी लक्षणं पाहून पाकिटाचा रंग ठरवण्याचीच रीत रुळलेली आहे.