महाबळेश्वरची हवा, पण किती वाजताची?

जानेवारीत सकाळी सात-साडेसातला महाबळेश्वरच्या केट्स पॉइंटवर उभं राहिलं, तर बऱ्याचदा खाली धोम धरणाचं पाणी दिसत नाही. दिसतो तो दरीत साचलेला करडा थर, वरून सुरीनं कापल्यासारखा सपाट. त्याच्यावर आभाळ स्वच्छ निळं. हे नुसतं धुकं नसतं. खालच्या गावांतल्या चुली, शेतात पेटवलेलं पाचट, रस्त्यावरच्या गाड्या या सगळ्यांचा धूर त्यात मुरलेला असतो. दुपारी तिथंच परत या. थर विरलेला असतो, पण समोरचे डोंगरही पुसट झालेले असतात. सकाळी दरीत कोंडलेलं आता माथ्यापर्यंत चढलेलं असतं.

एरवी वर जावं तशी हवा गार होत जाते, दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री दरीत हे गणित उलटं होतं. जमीन भराभर निवते, तिला टेकलेली हवा गार आणि जड होते, आणि उतारावरून पाणी वाहावं तशी वाहत खोलगट भागात साचते. तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. धूर त्या झाकणाखालीच पसरतो. सुमारे १,३७० मीटर उंचीवरचं गाव रात्रभर झाकणाच्या वर, तर कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यांतल्या वाड्या त्याच्या आत! उन्हं चढली की उतार तापतात, वारा दरीतून वर वाहू लागतो, आणि तेव्हा वरच्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यात तोडणी करणाऱ्या बायकांच्या वाट्याला खालच्या चुलींचा धूर येतो. म्हणून ‘महाबळेश्वरची हवा चांगली’ हे वाक्य मला अपुरं वाटतं. महिना आणि वेळ सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

उन्हाळ्यात आणखी एक धूर येतो, राबाचा. नाचणी, वरी, भात यांचा तरवा, म्हणजे लावणीची रोपं, जिथं टाकायचा, त्या तुकड्यावर शेण, तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत यांचे थर रचतात, वर माती भुरभुरतात आणि पेटवतात. तणाचं बी जळतं, राखेतून पालाश मिळतं, पावसाच्या तोंडावर टाकलेलं बी तणाच्या जाचाशिवाय उगवतं. पिढ्यान्‌पिढ्यांचं हे शहाणपण आहे. पण मातीखाली जाळ कमी आणि धुमसणं जास्त, आणि धुमसत्या आगीतून भडकत्या आगीपेक्षा बारीक कण जास्त निघतात. नुसता शेतकऱ्याला बोल लावणं मला पटत नाही, कारण त्याची अडचण खरी आहे. राब भाजायचा तो वारा पडलेला असताना, नाहीतर ठिणगी उडून रानात वणवा लागायचा. वारा पडतो पहाटे किंवा तिन्हीसांजेला. आणि धूर वर जायला वाव नसतो, तोही नेमका याच वेळी.

या धुरातले बहुतेक कण अडीच मायक्रॉनपेक्षा लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही बारीक. ते फुप्फुसात खोलवर जातात. अशा कणांसाठी आपल्याकडची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सुचवलेली पातळी आहे १५. आपली मर्यादा पाळली म्हणजे श्वास सुरक्षित झाला, असं समजू नये.

मग जून येतो. पावसानं हवा धुऊन निघते हे खरं, पण सगळे कण सारखे धुतले जात नाहीत. रस्त्याची धूळ जड असते, ती पडत्या थेंबाच्या वाटेतून बाजूला सरू शकत नाही. अतिसूक्ष्म कण भिरभिरत स्वतःच थेंबाला जाऊन चिकटतात. धुराचे कण असतात मधल्या मापाचे, एक दशांश ते एक मायक्रॉनच्या घरातले. थेंबाभोवतून वळणाऱ्या हवेबरोबर ते निसटून जातात. त्यांना पकडतो तो ढग. वाफेचा थेंब व्हायला कणाचा आधार लागतो. हवेत काही दिवस राहून पाणी धरू लागलेला धुराचा कण ढगातल्या थेंबाच्या पोटात जातो, आणि असे लाखभर थेंब एकत्र आले की पावसाचा एक थेंब बनतो. महाबळेश्वरात तर हा ढग थेट अंगणात उतरतो. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेनं २०१२ मध्ये इथं ढगांची प्रयोगशाळा उभारली ती याच सोयीसाठी. विमान न उडवता उपकरणं ढगात ठेवता येतात.

सोबत वाराही बदललेला असतो. हिवाळ्यात पठारावरून येणारा आता समुद्रावरून येतो. वर्षातली सर्वांत स्वच्छ हवा या दिवसांत दाराबाहेर असते. दाराच्या आत मात्र खिडक्या लावून घेतलेल्या, सरपण ओलसर, चूल फुंकून फुंकून पेटवलेली, आणि तिच्यासमोर डोळे पुसत बसलेली घरातली बाई. गॅस आलेल्या घरांतही पाणी तापवायला, ओले कपडे वाळवायला चूल लागतेच. हवा मोजणारी यंत्रं असतात दाराबाहेर, त्यामुळे हा धूर त्यांच्या आकड्यात येत नाही.