घरच्या कुंडीतली मिरची

परसात, गच्चीवर नाहीतर बाल्कनीतल्या कुंडीत दोन-चार रोपं लावून रोजच्या फोडणीपुरती हिरवी मिरची काढणं आपल्याकडे घरोघरी चालतं. ही मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांनी १६व्या शतकात इकडे आणली, त्याआधी आपला तिखटपणा मिरी, पिंपळी न् आल्यावरच भागायचा, हे आज सांगून खरं वाटत नाही.

वाणात घरासाठी पुसा ज्वाला सगळ्यात सोपी, लांब, बारीक, थोडी वेडीवाकडी. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले ज्योतीही चांगली. लवंगी लहान पण जहाल. डब्यातल्या सुक्या मिरचीचं बी पण रुजतं, फक्त ती मिरची हायब्रिड असेल तर रोप तिच्यासारखं निघेलच असं नाही.

बी अर्धा सेंटीमीटर खोल पेरायचं, ८-१० दिवसांत कोंब दिसतो, थंडीत जास्त वेळ लागतो. रोज भसाभस पाणी घातलं तर रोपं बुडाशी काळी पडून आडवी होतात, याला रोपं कोलमडणं म्हणतात, आणि पहिल्यांदा लावणाऱ्यांची निम्मी रोपं इथेच जातात. महिना-सव्वा महिन्याने रोप वीतभर झालं की बारा इंची कुंडीत एकच लावावं, दोन लावायचा मोह होतोच पण दोन्ही खुरटतात. माती, शेणखत न् थोडं कोकोपीट, सोबत मूठभर निंबोळी पेंड, खाली भोक मोकळं, आणि ऊन किमान पाच-सहा तास. उन्हाला पर्याय नाही, सावलीत पानं हिरवीगार होतील पण मिरची लागणार नाही.

आता खरा विषय, बोकड्या म्हणजे चुरडा-मुरडा. पानं गोळा झाली की लोक खत घालतात, ते चूक आहे, आधी पान उलटून बघा. पानाच्या कडा वर वळून होडीसारखं झालं असेल तर बहुतेक फुलकिडे, खाली वळून उलट्या होडीसारखं झालं तर कोळी, म्हणजे जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारी अगदी बारीक कीड. शेंडा पांढऱ्या कागदावर हलकेच टिचकवला की फुलकिडे पिवळसर, सुईच्या टोकाएवढे पळताना दिसतात, हे एकदा स्वतः बघितलंत की पुढे कधी चुकणार नाही. पाच मिली निंबोळी तेल, एक लिटर पाणी न् दोन थेंब साबण, संध्याकाळी पानाच्या खालून फवारायचं, आठवड्याने परत, नुसतं वरून मारून काही होत नाही. कोळ्यांना पाण्यात विरघळणारं गंधकही चालतं, पण कडक उन्हात आणि तेलाच्या जवळपासच्या दिवसांत नाही, पानं करपतात. पानं बारीक, पिवळट होऊन शेंड्याला गुच्छ झाला असेल तर मात्र तो पांढऱ्या माशीने आणलेला व्हायरस असतो, त्याला औषध नाही, जीव तुटतो पण रोप उपटून टाकावं, नाहीतर शेजारची कुंडी पण जाते.

एप्रिल-मेमध्ये पारा ३५ अंशांच्या वर गेला की फुलं गळतात, घाबरू नका, दुपारची सावली करा. नत्र जास्त झालं तरी नुसता पाला वाढतो. फुलं आपली आपणच फळतात, वारा नसेल तर फांदी जरा हलवायची. लावल्यापासून साधारण दोन महिन्यांत पहिली मिरची मिळते, ती देठासकट खुडा, जितकी खुडाल तितकी नवी फुलं येतात, झाडावर लाल होऊ दिली की नवा बहार मंदावतो. छाटणी केली तर झाड दुसऱ्या वर्षीही देतं.

तिखटपणा बियांत असतो असं सगळेच म्हणतात, पण तो खरा आतल्या पांढऱ्या शिरेत असतो, बी तिला चिकटलेलं म्हणून तिखट लागतं.

बी ठेवायचं असेल तर लवंगी आणि ढोबळी शेजारी-शेजारी नकोत. मधमाश्या पराग इकडून तिकडे नेतात, त्या वर्षीची ढोबळी गोडच लागते, पण तिच्या बियांपासून पुढच्या वर्षी आलेली तिखट निघू शकते.