मुंबईतील जॅझ

मुंबईतील जॅझ : अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या या संगीताचे मुंबईतील प्रत्यक्ष वादन, त्याचे वादक आणि त्याला लाभलेल्या जागा यांचा इतिहास. १९३० च्या दशकात हॉटेलांच्या नृत्यगृहांत ते रुजले, गोव्यातून आलेल्या वादकांनी ते टिकवले आणि त्यांच्याचमार्फत ते हिंदी चित्रपटसंगीतात उतरले.

आगमनाच्या काळाबद्दल मतभेद आहेत. एका मतानुसार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे येणाऱ्या मिन्स्ट्रेल मंडळ्यांच्या खेळांत त्याचे मूळ आहे. हे खेळ मात्र जॅझच्या आधीचे असून गोऱ्या नटांनी तोंड काळे करून केलेली कृष्णवर्णीयांची नक्कल हाच त्यांचा गाभा होता. दुसरे मत १९२० च्या दशकातील नृत्यवृंदांकडे बोट दाखवते. त्याच्या पुष्टीसाठी दिले जाणारे लेक्विम यांच्या वृंदाचे १९२६ च्या सुमाराचे ध्वनिमुद्रण कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलातील वृंदाचे आहे. मुंबईत त्या काळी केन मॅक यांचा वृंद लोकप्रिय होता, पण असे वृंद बहुतांशी लिहिलेले संगीत वाजवत आणि उत्स्फूर्त वादनाला त्यात फारसा वाव नसे. म्हणून व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबी १९३५ च्या हिवाळ्यात कृष्णवर्णीय वादकांचा वृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आले, तेथून आरंभ मानणे अधिक सयुक्तिक ठरते. त्यांच्यामागून ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ व पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांनी ताजमध्ये वादन केले. वेदरफर्ड पुढे कलकत्त्यास गेले व १९४५ मध्ये तेथेच वारले.

या वृंदांचे संगीत स्थानिकांनी झपाट्याने आत्मसात केले, त्यामागे गोव्यातील चर्चशी जोडलेल्या शाळांची तयारी होती. तेथे मुलाला आधी सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी पाहून स्वरोच्चार, शिकवत आणि मग हातात व्हायोलिन देत. त्यामुळे समोर ठेवलेला कागद पहिल्या वाचनात वाजवणारे वादक मुंबईला आयते मिळाले. ते धोबी तलाव परिसरातील कुडांत, म्हणजे गावागावांच्या सामाईक वसतिगृहांत, उतरत. मिकी कोरिया यांनी ताजचा वृंद दीर्घकाळ चालवला. मूळचे हळदोण्याचे चिक चॉकलेट (अंतोनियो शाव्हियेर वाझ) अमेरिकी वादक लुई आर्मस्ट्राँगच्या धाटणीच्या ट्रंपेटसाठी गाजले. सॅक्सोफोनवादक रूडी कॉटन हे मात्र पारशी होते.

स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश गिऱ्हाईक गेले आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने नृत्यगृहांचे उत्पन्न घटले. वादकांना चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाने आधार दिला. संगीतकार चाल सांगे. संयोजक ती स्वरलिपीत उतरवून तिच्यावर स्वरसंवादाची रचना करी आणि प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद तयार करी. हे काम मुख्यत्वे गोमंतकीयांकडे होते. मराठी संगीतकार सी. रामचंद्र यांनी चिक चॉकलेट यांना सोबत घेऊन चित्रपटगीतांत स्विंगची, म्हणजे नृत्यगृहांतील जॅझची झुलती लय आणली. ‘अलबेला’ (१९५१) हे त्याचे ठळक उदाहरण. दिवसा स्टुडिओ व रात्री चर्चगेटचे एखादे रेस्टॉरंट, असा अनेकांचा दिनक्रम असे. अ‍ॅस्टोरिया हॉटेलातील ‘व्हेनिस’ हे त्यांचे एक प्रमुख ठिकाण होते. संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांनी हाच बाज कोकणी गाण्यांत नेला.

वादनाची रीत जगभरासारखीच आहे: आधी मूळ चाल, मग तिच्याच स्वरसंघांच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांच्या) क्रमावर पाळीपाळीने उत्स्फूर्त वादन, शेवटी पुन्हा चाल. खास अडचण मुंबईच्या हवेची आहे. पियानोला सुमारे ४५ ते ५० टक्के आर्द्रता मानवते; पावसाळ्यात ती ८० टक्क्यांवर जाते, ध्वनिफलक (तारांचा नाद वाढवणारी लाकडी फळी) फुगतो आणि स्वर चढतात, तेही सर्व सप्तकांत सारखे नाही; मधली सप्तके जास्त सरकतात. एका पट्टीवरून साऱ्या वाद्यवृंदाला जुळवून घेणे त्यामुळे अवघड होते. ट्रंपेट व सॅक्सोफोनचे स्वर हवा १ अंश सेल्सियसने तापली की तत्त्वतः सुमारे ३ सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे १ सेंट) चढतात. वातानुकूलित दालनात थंड पडलेले वाद्य सुरुवातीला खाली बोलते. म्हणून वाद्ये दालनात आणून, फुंकून गरम केल्यावरच सुरात मिळवावीत, आणि पियानोही कार्यक्रमाच्याच तापमानात, वातानुकूलन चालू असताना सुरात लावावा. सकाळी यंत्र बंद ठेवून लावलेला पियानो रात्री हमखास बिनसतो.

जॅझच्या मैफिलीला स्वतंत्र श्रोता मिळवून देण्याचे श्रेय निरंजन झवेरी व त्यांचा ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव यांना दिले पाहिजे. १९७८ मध्ये धोबी तलावाच्या रंगभवन या खुल्या रंगमंचावर तो सुरू झाला. पहिल्याच वर्षी अमेरिकी सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स वाजवून गेले. पियानोवादक लुई बँक्स व सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांनी याच काळात रागांवर आधारित जॅझ रचले. रंगभवनालगत रुग्णालये व महाविद्यालय असल्याने ते ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार शांतता क्षेत्रात आले. अशा क्षेत्रात रुग्णालय, शाळा वा न्यायालयाभोवती किमान १०० मीटरपर्यंत ध्वनिमर्यादा दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल असते. ड्रमवादकाच्या एका झांजेनेही ती ओलांडली जाते. खुल्या मैफिलींची ती जागा त्यामुळे हातची गेली, आणि शहराच्या दृष्टीने हे मोठेच नुकसान आहे.

त्यानंतर मैफिली बंदिस्त जागांत गेल्या. लोअर परळच्या गिरणीच्या आवारातील ‘ब्लू फ्रॉग’ (२००७–१६) हे त्यांतले महत्त्वाचे. नरिमन पॉइंटचे राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र व ऑपेरा हाऊस येथेही जॅझचे कार्यक्रम होत आले आहेत.