दोन सावल्यांतून सांगाडा

वडोदऱ्याच्या कमाटीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. त्याच्या भोवती फिरून मणका न् मणका पाहता येतो. जिवंत माणसाचं हाड मात्र १८९५ पासून आपण सावलीतच पाहत आलो. त्या डिसेंबरात एक्स-रे शोधणाऱ्या रॉन्टजेनने बायकोच्या हाताचा फोटो काढला. अंगठीसकट हाडं दिसली, पण पुढचं-मागचं सगळं एकाच पातळीवर. म्हणूनच वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातला एक्स-रेवालाही आजवर समोरून एक आणि बाजूने एक फोटो काढतो. तिसरी मिती डॉक्टर मनात जुळवतात.

अनेक बाजूंनी पडलेल्या सावल्यांवरून आतला आकार काढण्याचं गणित गणितज्ञ योहान राडोन याने १९१७ मध्येच मांडलं होतं. वैद्यकाला त्याचा पत्ताच नव्हता! अॅलन कॉरमॅकने साठच्या दशकात तेच पुन्हा स्वतः शोधलं. ग्रामोफोन रेकॉर्डी काढणाऱ्या ईएमआय कंपनीतल्या गॉडफ्रे हाउन्सफिल्डने यंत्र बनवलं आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. १९७९ चं नोबेल दोघांना मिळालं. पुढे १९८७ मध्ये लोरेन्सन आणि क्लाइन यांनी स्कॅनच्या चकत्यांमधून हाडाची घनता निवडून छोट्या त्रिकोणांचा पृष्ठभाग विणण्याची रीत दिली. पडद्यावर फिरणारा सांगाडा रुळला तो त्यातून.

पण सीटीसाठी बहुधा आडवं व्हावं लागतं, आणि पाठीचा बाक खरा कळतो तो उभ्या माणसात. शिवाय बाक असलेल्या मुलांना वारंवार तपासायचं, तर किरणांचा मारा परवडत नाही. नोबेलविजेत्या भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज शारपाकच्या कणशोधकावरून (सूक्ष्म कण टिपणाऱ्या यंत्रावरून) उभ्या माणसाचे समोरून-बाजूने एकाच वेळी, कमी किरणांत फोटो काढणारं यंत्र निघालं.

या दोन फोटोंवरून संगणकाला हाडाचं त्रिमितीय मॉडेल उभं करायचं असतं, आणि खरी गोम तिथेच आहे. तशाच दोन सावल्या पाडणारे आकार कितीही असू शकतात. मग संगणक आधी स्कॅन केलेल्या अनेक हाडांची सरासरी घेतो, ती हाडं एकमेकांपासून कशी वेगळी असतात तेही पाहतो, आणि सावली जुळेपर्यंत तो नमुना वाकवत राहतो. म्हणजे मॉडेलचा बराच भाग रुग्णाचा नसून सरासरीचा असतो. वाकडं जुळलेलं जुनं फ्रॅक्चर किंवा जन्मतः चिकटलेले मणके असले, की मॉडेल त्यांना सरळ करू पाहतं. ती सरासरी कुणाच्या हाडांची, हे मला तरी विचारावंसं वाटतं. रुग्णाच्या हाडाला चपखल बसणारा सर्जरीचा साचा करायचा झाला, तर आजही बहुधा सीटीच काढतात.