बीपी म्हणजे नळीत साचलेली चरबी नव्हे

सांगलीत आयर्विन पुलाकडे सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत एक समज पक्का आहे: रक्तवाहिनी म्हणजे रबरी नळी, आत चरबी साचली की बीपी वाढतं, लसूण खाल्ला की नळी साफ. चरबी साचते हे खरं, पण मुख्यतः मोठ्या आणि मध्यम धमन्यांत. रक्तदाब ठरवण्यात मोठा वाटा असतो अर्ध्या मिलिमीटरहून बारीक धमन्यांचा, आणि त्या नळीसारख्या वागतच नाहीत.

त्यांच्या भिंतीत आतल्या अस्तराखाली इलॅस्टिन या प्रथिनाचा लवचिक पडदा, मध्ये गोल वेढे दिलेला स्नायू, बाहेर कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे नागमोडी तंतू. दाब कमी असेल तेव्हा ताण इलॅस्टिन झेलतं. दाब चढला की कोलॅजेन बैलाच्या कासऱ्यासारखं सरळ ताणलं जातं आणि भिंत ताठर होते.

स्नायूचं तर उलटंच. दाब वाढला की सैल पडायचं सोडून तो आवळतो. इंग्लिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ बेलिस यांनी हे १९०२ मध्येच मांडलं होतं. धमनीच्या पोकळीची त्रिज्या १० टक्के घटली, की तेवढ्याच दाबाला प्रवाह सुमारे एक तृतीयांशाने घटतो, कारण प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या हिशेबाने बदलतो.

वर्षानुवर्षं दाब चढा राहिला, की बहुतेकदा भिंतीतलं तेच साहित्य लहान पोकळीभोवती नव्याने रचलं जातं. तिथे खरवडायला चरबी नसतेच, लसूण बिचारा काय साफ करणार! अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची गोळीही सफाई करत नाही. ती स्नायूत कॅल्शियम शिरू देत नाही, म्हणून आवळ सुटतो. ‘आता नॉर्मल आलं’ म्हणून गोळी परस्पर बंद केली, तर तो आवळ सहसा परत येतो.